फेटाळलेला दावा आणि परतीची वाट : स्वतःची बाजू स्वतः मांडणाऱ्या पक्षकाराच्या पुनर्दाव्याचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

दिवाणी न्यायालयात गेलेल्या माणसाचा दावा टिकला नाही, म्हणजे 'दावा फेटाळला' असे मराठीत सरसकट म्हटले जाते. हा एकच शब्द अनेक भिन्न घटनांना लावला जातो. साक्षीपुरावा तपासून वादीचा हक्क नाही असे न्यायालयाने ठरविले, तरी दावा फेटाळला. तारखेला वादी हजर नव्हता, तरी दावा फेटाळला. आणि वादपत्रावर पुरेसे शुल्क नव्हते म्हणून ते नामंजूर झाले, तरीही लोक दावा फेटाळला असेच म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र या तीन घटनांचे परिणाम परस्परांपासून फार वेगळे आहेत. पहिल्या घटनेनंतर अपिलाखेरीज सामान्यतः मार्ग उरत नाही. दुसरीत तोच दावा पुन्हा उभा करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. तिसरीत नवे वादपत्र दाखल करण्याची मोकळीक राहते. हा फरक वकिलाला ठाऊक असतो. वकील न लावता स्वतःची बाजू स्वतः मांडणाऱ्या पक्षकाराला तो बहुधा ठाऊक नसतो आणि नेमके त्यालाच त्याचे ज्ञान सर्वांत अधिक आवश्यक असते.

प्रस्तुत निबंधात फेटाळलेला दावा पुन्हा दाखल करण्याच्या हक्काचा भारतीय, विशेषतः महाराष्ट्राशी संबंधित, न्यायपरंपरेतील प्रवास तपासला आहे. ऐकून निर्णय झालेला वाद आणि स्वरूपातील दोषामुळे कोसळलेला वाद यांत भेद करण्याची दृष्टी या भूमीत इंग्रजी अंमलापूर्वीही होती. त्यामुळे परत येण्याचा हक्क ही आधुनिक संहितेची देणगी मानता येत नाही. बदल झाला तो अन्यत्र. वादाला योग्य स्वरूप देण्याची जबाबदारी पूर्वी मोठ्या प्रमाणात न्यायसभेकडे होती. ती एकोणिसाव्या शतकात पक्षकाराकडे सरकली. एकट्या पक्षकाराच्या आजच्या अडचणीचे मूळ या स्थित्यंतरात आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

धर्मशास्त्रातील प्राङ्न्याय आणि हीनवादी

स्मृतिग्रंथांतील व्यवहारप्रकरणात वादाचे चार पाद सांगितले आहेत. त्यांतील दुसरा पाद म्हणजे प्रतिवादीचे उत्तर. हे उत्तर चार प्रकारचे असते : आरोप नाकारणारे मिथ्या, कबुली देणारे संप्रतिपत्ति, कारण दाखवून दावा परतविणारे प्रत्यवस्कंदन आणि चौथे प्राङ्न्याय, म्हणजेच पूर्वन्याय. याच वादीने याच बाबतीत पूर्वी वाद आणला होता व तो हरला होता, असे प्रतिवादीने सांगणे म्हणजे प्राङ्न्यायाचे उत्तर होय. ज्याला आजची दिवाणी प्रक्रिया संहिता ११व्या कलमात स्थान देते, ते तत्त्व येथे प्रतिवादीच्या एका स्वतंत्र बचावाच्या रूपात आढळते.

हे साम्य न्यायाधीशांच्याही दृष्टीस पडले होते. शिवपरसनसिंग विरुद्ध रामनंदन या १९१६च्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलच्या वतीने निर्णय देताना सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी पूर्वन्यायाचा नियम हिंदू भाष्यकारांच्या विचाराशी विसंगत नाही, असे नमूद केले आणि विज्ञानेश्वर व नीलकंठ यांचा आधार दिला. जेंकिन्स हे १८९९ ते १९०८ या काळात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. मिताक्षरा व व्यवहारमयूख हे ग्रंथ मुंबई इलाख्यातील हिंदू कायद्याचे आधारस्तंभ मानले जात असल्याने त्यांचा हा परिचय स्वाभाविक होता.

परंतु प्राङ्न्याय ही प्रश्नाची एक बाजू झाली. निर्णय झालेल्या वादाला पुन्हा तोंड फुटू नये, ही मनूची भूमिका आहे. अमात्य वा न्यायाधीश यांनी चुकीचा निर्णय दिला असल्यास राजाने तो स्वतः पुन्हा पाहावा, असेही तोच सांगतो. याज्ञवल्क्याने दोन्ही शक्यतांची तरतूद केली आहे. निर्णय अन्याय्य ठरला, तर सभ्यांना व जिंकलेल्या पक्षाला दंड. आणि न्यायाने हरलेला मनुष्य आपण हरलो नाही असे मानून पुन्हा आला व पुन्हा हरला, तर त्याला दुप्पट दंड. नारदाने हाच विचार वेगळ्या शब्दांत मांडून, निर्णय धर्माविरुद्ध झाला असे ज्याला वाटते त्याने दुप्पट दंडाची जोखीम पत्करून वाद पुन्हा उघडावा, अशी मुभा दिली. परतीची वाट होती; तिच्यावर किंमत लावलेली होती.

एकट्या पक्षकाराच्या दृष्टीने याहून महत्त्वाची संकल्पना हीनवादीची आहे. आपले म्हणणे बदलणारा, पुरावा टाळणारा, हजर न राहणारा, निरुत्तर होणारा आणि बोलावले असता पळून जाणारा, असे हीनवादीचे पाच प्रकार नारदाने सांगितले. आजच्या भाषेत हे सारे प्रक्रियेतील कसूर होत. अशा कसुराचा परिणाम काय, या प्रश्नाचे नारदाने दिलेले व मिताक्षरेने विवरण केलेले उत्तर मननीय आहे. जमीन, ऋण इत्यादी अर्थविवादांत बोलण्यातील चुकीमुळे मनुष्य दंडास पात्र होतो, पण मूळ अर्थाला, म्हणजे आपल्या हक्काला, मुकत नाही. बोलताना चुकलेल्या माणसाला शिक्षा करावी, परंतु त्याची जमीन त्या चुकीपायी जाऊ देऊ नये, असा हा विचार आहे.

याला पूरक अशी एक कार्यपद्धतीही सांगितलेली आहे. वादीचे म्हणणे प्रथम फळ्यावर वा जमिनीवर पांडुलेखाने लिहावे, त्यातील अधिक-उणे तपासावे आणि शुद्ध झाल्यावर पत्रावर उतरवावे. प्रतिवादीचे उत्तर येईपर्यंत पूर्वपक्ष दुरुस्त करण्यास वाव होता. भाऊ, पिता, पुत्र अथवा नियुक्त प्रतिनिधी यांना दुसऱ्यासाठी बोलता येत असे; अधिकाराशिवाय बोलणारा दंडास पात्र ठरे. तथापि पक्षकार स्वतः बोलतो आणि सभेचा लेखक ते लिहून घेतो, हीच कल्पना या व्यवस्थेच्या मुळाशी होती. वादाचा आकार घडविण्यात न्यायसभेचा वाटा होता, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवावी लागते.

मराठेशाहीतील निवाडा

शास्त्रग्रंथांतील आदर्श आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत अंतर असतेच. मराठेशाहीतील न्यायव्यवहाराची कागदपत्रे मोठ्या संख्येने उपलब्ध असल्याने तेथे हे अंतर मोजता येते. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथात या साधनांचा विस्तृत उपयोग केलेला आहे.

वतन, वाटणी, हद्द, मानपान, देणेघेणे असे वाद गोतसभेपुढे, पंचायतीपुढे किंवा हुजुरात येत. दोन्ही पक्षांकडून पंचांचा निर्णय मान्य असल्याचा राजीनामा व जामीन घेतला जाई. त्यानंतर वादी व प्रतिवादी आपापली तकरीर देत. कारकून ती लिहून घेई. साक्षी, जुने महजर, सनदा आणि प्रसंगी दिव्य यांच्या आधारे पंच सारांश तयार करीत आणि निवाडपत्र होई. जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी वसूल होत असे. हरलेल्या पक्षाने आपण खोटे ठरलो, यापुढे या बाबतीत कज्जा करणार नाही, असे यजितखत लिहून देण्याची पद्धत होती.

यजितखत हा या विषयातील अत्यंत बोलका कागद आहे. आधुनिक पूर्वन्यायाचा नियम न्यायालयाच्या अधिकारातून येतो. यजितखतात मात्र पुन्हा न भांडण्याचे बंधन हरलेल्या माणसाच्या स्वतःच्या लेखी कबुलीतून निर्माण होई. साहजिकच ज्याने असे खत दिले नाही, किंवा ते बळजबरीने घेतले असे ज्याचे म्हणणे असे, त्याला पुन्हा तक्रार करण्यास जागा राही. अमुक ठिकाणचे पंच प्रतिपक्षाच्या बाजूचे आहेत, सबब दुसरे थळ द्यावे, अशी मागणी पक्षकार करीत. वतनाचे एकेक भांडण पिढ्यान्पिढ्या वेगवेगळ्या सभांपुढे फिरत राहिल्याची उदाहरणे प्रकाशित कागदपत्रांत विपुल आहेत. निकालाला अंतिमत्व नसणे हा या व्यवस्थेचा खरा दोष होता. सबल पक्ष हरल्यावरही थकत नसे आणि दुर्बल पक्षाला जिंकूनही स्वस्थता मिळत नसे.

त्याचबरोबर एक गोष्ट मान्य करावी लागते. या व्यवस्थेत 'वकील' या शब्दाने मुख्यतः दुसऱ्या दरबारातील राजकीय प्रतिनिधी सूचित होई. न्यायसभेत फी घेऊन बाजू मांडणाऱ्या सनदी व्यावसायिकांचा वर्ग अस्तित्वात नव्हता. पक्षकार स्वतः किंवा त्याचा नातलग वा कारभारी बोले. त्यामुळे 'स्वतः बाजू मांडणारा' असा वेगळा पक्षकारवर्ग असण्याचे कारणच नव्हते. तकरीर चुकीच्या नमुन्यात लिहिली म्हणून ती परत करण्याचा प्रश्न उद्भवत नसे, कारण ती लिहिणारा सभेचाच माणूस होता.

कंपनी सरकारचे कायदे आणि १८५९ची संहिता

बंगालमध्ये कॉर्नवॉलिसच्या १७९३च्या विनियमांनी दिवाणी न्यायालयांत सनदी वकिलांची व्यवस्था घातली. मुंबई इलाख्यात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत १८२७चे विनियम आले. त्यांतील दुसरा विनियम दिवाणी न्यायालयांची रचना व वकिलांच्या सनदा यांविषयी, तर चौथा विनियम दिवाणी कार्यपद्धतीविषयी होता. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधीच्या १८१९च्या अहवालात एल्फिन्स्टनने पंचायतीचे गुणदोष बारकाईने नोंदवून ती शक्य तितकी चालू ठेवावी, अशी भूमिका घेतली होती. परंतु न्यायालये, लेखी अर्ज, मुद्रांक आणि सनदी वकील यांची साखळी एकदा सुरू झाल्यावर पंचायत हळूहळू मागे पडली.

या स्थित्यंतरात पक्षकाराचा स्वतः उभे राहण्याचा हक्क काढून घेतला गेला नाही. तो कायम राहिला. मात्र आता दाव्याची किंमत ठरविणे, त्यानुसार मुद्रांक लावणे, योग्य पक्षकार जोडणे, योग्य न्यायालय निवडणे आणि वादकारण स्पष्ट मांडणे ही सारी कामे पक्षकाराची झाली. पूर्वी सभेचा लेखक जे करीत असे, ते आता वकील करू लागला. आणि ज्याला वकील परवडत नसे, त्याच्यासाठी ते करणारे कोणी उरले नाही.

१८५९चा आठवा अधिनियम ही ब्रिटिश भारतातील पहिली एकसूत्री दिवाणी प्रक्रिया संहिता होय. तिच्या दुसऱ्याच कलमात, सक्षम न्यायालयाने पूर्वी ऐकून निर्णय दिलेल्या वादकारणावर पुन्हा दावा चालणार नाही, असा नियम घातला गेला. येथे 'ऐकून' आणि 'निर्णय देऊन' या दोन्ही अटी महत्त्वाच्या होत्या. जे ऐकलेच गेले नाही, त्याला हा अडसर लागू होत नव्हता. ९७व्या कलमाने, पुरेसे कारण दाखविल्यास नवा दावा आणण्याच्या परवानगीसह चालू दावा मागे घेण्याची सोय दिली. त्याच वर्षीच्या मुदत कायद्यातील १४व्या कलमाने, अधिकार नसलेल्या न्यायालयात सद्भावाने व तत्परतेने दावा चालविण्यात गेलेला काळ मुदतीच्या गणनेतून वगळण्याची तरतूद केली. परतीच्या वाटेचे तीन टप्पे अशा रीतीने एकाच वर्षी आखले गेले.

या वाटेची व्याप्ती किती, हा प्रश्न वॉटसन विरुद्ध राजशाहीचा कलेक्टर या १८६९च्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलपुढे आला. इंग्लंडमध्ये वादीला 'नॉनसूट' होऊन, म्हणजे निर्णयाविना दाव्यातून बाहेर पडून, पुन्हा येण्याची मोकळीक होती. भारतातील न्यायालयांना असा सर्वसाधारण अधिकार नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने सांगितले. पुरावा देण्यात अपयश आले म्हणून वादीला नव्या दाव्याची मुभा देता येत नाही. पक्षकारांची वा बाबींची चुकीची जोडणी, मुद्रांकाच्या अभावी नाकारलेला दस्तऐवज आणि दाव्याचे चुकीचे मूल्यांकन यांसारख्या प्रकारांपुरतीच ती मुभा मर्यादित असल्याचे दाखविले गेले. ही यादी लक्षपूर्वक पाहिली असता एक गोष्ट जाणवते. यांतील प्रत्येक दोष हा कायद्याचे शिक्षण नसलेल्या माणसाकडून हमखास होणारा दोष आहे. कायद्याने त्याची चूक ओळखली होती. ती आधीच सुधारून देण्याची जुनी सोय मात्र संपली होती.

१९०८ची संहिता : एका शब्दाआडचे चार अर्थ

१८७७ व १८८२च्या सुधारित संहितांनंतर १९०८चा पाचवा अधिनियम आला आणि तो १ जानेवारी १९०९ पासून अमलात आला. अनेक दुरुस्त्यांसह आजही तोच लागू आहे. या संहितेत 'दावा फेटाळला' या लौकिक शब्दप्रयोगाआड किमान चार वेगवेगळ्या अवस्था आहेत.

पहिली अवस्था वादपत्र नामंजूर होण्याची. वादकारण न दाखविणे, मूल्यांकन कमी असणे व मुदतीत न सुधारणे, मुद्रांक अपुरा असणे, दावा कायद्याने वर्जित असल्याचे वादपत्रावरूनच दिसणे इत्यादी कारणांनी सातव्या आदेशाच्या अकराव्या नियमान्वये वादपत्र नामंजूर होते. शासनाविरुद्धच्या दाव्यात ८०व्या कलमाची दोन महिन्यांची नोटीस न देणे हे याचे नेहमीचे उदाहरण. असा आदेश हुकूमनामा मानला जात असल्याने त्यावर अपील करता येते. शिवाय त्याच आदेशाचा तेरावा नियम सांगतो की, केवळ या नामंजुरीमुळे त्याच वादकारणावर नवे वादपत्र दाखल करण्यास बाधा येत नाही. न्यायालयाला अधिकारक्षेत्र नसल्यास दहाव्या नियमानुसार वादपत्र योग्य न्यायालयात सादर करण्यासाठी परत दिले जाते. ती तर नामंजुरीही नव्हे.

दुसरी अवस्था गैरहजेरीची आणि तिच्यात दोन उपप्रकार आहेत. दोन्ही पक्ष गैरहजर असल्यास नवव्या आदेशाच्या तिसऱ्या नियमाने दावा निकाली निघतो; मग चौथ्या नियमानुसार वादी मुदत शिल्लक असल्यास नवा दावा आणू शकतो किंवा जुनाच पुनःस्थापित करून घेऊ शकतो. प्रतिवादी हजर व वादी गैरहजर असल्यास आठवा नियम लागतो आणि नवव्या नियमाने त्याच वादकारणावर नवा दावा वर्ज्य होतो. तेथे गैरहजेरीचे पुरेसे कारण दाखवून जुना दावा पुन्हा फाइलवर घेण्याचा अर्ज हाच मार्ग. १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे या अर्जाची मुदत तीस दिवसांची आहे. समोरचा पक्ष त्या दिवशी न्यायालयात आला होता की नाही, या बाहेरच्या गोष्टीवर वादीचे भवितव्य ठरते. एकटा पक्षकार नेमका येथे फसतो. नवा दावा आणता येईल या समजुतीत तो तीस दिवस घालवितो.

तिसरी अवस्था दावा मागे घेण्याची. तेविसाव्या आदेशानुसार स्वरूपातील दोषामुळे दावा निष्फळ होणार असेल किंवा तितकेच पुरेसे कारण असेल, तर न्यायालय नव्या दाव्याची परवानगी देऊन तो मागे घेऊ देते. परवानगी न मागता दावा सोडून दिल्यास त्याच विषयावर पुन्हा येता येत नाही. परवानगीची ओळ आदेशात आहे की नाही, एवढ्यावर सारे अवलंबून राहते.

चौथी अवस्था गुणदोषांवरील निर्णयाची. येथे ११वे कलम पूर्णपणे लागू होते. त्याची व्याप्तीही मोठी आहे. जो मुद्दा पूर्वीच्या दाव्यात मांडता आला असता व मांडावयास हवा होता, तो मांडला गेला व नाकारला गेला असे मानले जाते. ही कल्पना १८७७च्या संहितेपासून कायद्यात आहे. त्याच्या जोडीला दुसऱ्या आदेशाचा दुसरा नियम आहे. एका वादकारणातून निघणाऱ्या मागणीचा जो भाग पहिल्या दाव्यात सोडला, त्यासाठी पुढे दावा करता येत नाही. कोणते मुद्दे 'मांडावयास हवे होते' हे ठरविण्यासाठी जे ज्ञान लागते, ते एकट्या पक्षकाराजवळ नसते. परंतु नियम त्याला आणि नामांकित वकिलाच्या अशिलाला एकाच मापाने मोजतो.

या चारही अवस्थांवर मुदतीचे छत्र आहे. १९६३च्या कायद्यातही संबंधित कलमाचा क्रमांक १४ हाच आहे. पहिल्या कार्यवाहीतील काळ वगळून मिळण्यासाठी ती सद्भावाने व योग्य तत्परतेने चालविलेली असावी आणि ती अधिकारक्षेत्राच्या किंवा तत्सम दोषामुळे निष्फळ झालेली असावी. गैरहजेरीमुळे गेलेला दावा सामान्यतः या कलमात बसत नाही. विलंब माफ करण्याचे पाचवे कलम अपील व अर्जांना लागते, दाव्यांना लागत नाही. त्यामुळे नवा दावा कायद्याने खुला असूनही दिनदर्शिकेने बंद झालेला असू शकतो.

स्वातंत्र्योत्तर न्यायनिर्णय

संविधानानंतरच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने प्रक्रियेच्या या कठोरतेकडे नव्या दृष्टीने पाहिले. संग्रामसिंग विरुद्ध निवडणूक न्यायाधिकरण, कोटा या १९५५च्या निर्णयात न्या. व्हिवियन बोस यांनी, प्रक्रियाविषयक कायदा हा न्यायाला साहाय्य करण्यासाठी असतो, पक्षकाराला अडखळवून शिक्षा करण्यासाठी नसतो, असा विचार मांडला. न्या. बोस यांची वकिली व न्यायाधीशपदाची कारकीर्द नागपुरात घडली होती आणि ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा दर्याव विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९६१च्या प्रकरणाचा. उच्च न्यायालयाने अनुच्छेद २२६ खालील रिट अर्ज फेटाळल्यावर त्याच कारणासाठी अनुच्छेद ३२ अन्वये सर्वोच्च न्यायालयात येता येईल काय, हा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या पीठापुढे होता. साताऱ्यात जन्मलेल्या न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी पीठाचा निर्णय लिहिला. गुणदोषांवर विचार होऊन अर्ज फेटाळला असेल, तर पूर्वन्यायाचा नियम मूलभूत हक्कांच्या अर्जालाही लागू होतो, असे त्यांनी ठरविले. मात्र विलंबाच्या वा पर्यायी उपायाच्या कारणावरून अर्ज फेटाळला असेल, कारणे न देता प्रारंभीच फेटाळला असेल किंवा तो मागे घेतला गेला असेल, तर तसा अडसर येत नाही. नारदाने हीनवादी आणि न्यायाने पराजित यांत केलेल्या भेदाचीच ही आधुनिक मांडणी म्हणता येईल. पुढे १९८६च्या सरगुजा ट्रान्सपोर्ट प्रकरणात, परवानगीशिवाय मागे घेतलेल्या रिट अर्जानंतर उच्च न्यायालयात त्याच कारणासाठी नवा रिट अर्ज चालणार नाही, असे ठरून ही वाट काहीशी अरुंद झाली.

कसुराच्या प्रश्नावर १९८१चा रफीक विरुद्ध मुन्शीलाल हा निर्णय विशेष उद्‌बोधक आहे. वकिलाच्या गैरहजेरीमुळे निकाली निघालेले अपील पुन्हा जिवंत करताना, वकील नेमून आपले कर्तव्य पार पाडलेल्या निरपराध पक्षकाराने वकिलाच्या चुकीचे फळ भोगू नये, असे न्यायालयाने म्हटले. १९९३च्या सलिल दत्त प्रकरणात हे तत्त्व सर्वत्र सरसकट लावता येणार नाही, असे स्पष्ट करून पक्षकाराची परिस्थिती पाहण्यावर भर देण्यात आला. तेथील पक्षकार ही ग्रामीण, अजाण व्यक्ती नसून शहरातील कंपनी होती.

या निर्णयांतून एक विसंगती समोर येते. वकील असलेल्या पक्षकाराला चूक वकिलाची होती, असे सांगता येते आणि न्यायालय ते सहानुभूतीने ऐकू शकते. स्वतःची बाजू स्वतः मांडणाऱ्याजवळ दोष देण्यासाठी दुसरे कोणी नसते. त्याची चूक ही त्याचीच चूक ठरते. अज्ञानी व्यक्तीला संरक्षण देऊ पाहणारे तत्त्व सर्वांत एकाकी व्यक्तीपर्यंत पोहोचत नाही.

साहाय्याच्या तरतुदी आणि त्यांच्या मर्यादा

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. १९७६च्या दुरुस्तीने दिवाणी संहितेतील 'पॉपर' हा शब्द जाऊन 'निर्धन व्यक्ती' ही संज्ञा आली आणि तेहेतिसाव्या आदेशात नवा नियम घालून वकील नसलेल्या निर्धन पक्षकाराला न्यायालयाने वकील नेमून देण्याची सोय झाली. त्याच वर्षीच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-क आला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मध्ये संमत झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. हरिशंकर रस्तोगी प्रकरणात १९७८ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी, वकील नसलेल्या व्यक्तीला दुसऱ्यासाठी बोलण्याचा हक्क नसला तरी न्यायालय तशी परवानगी देऊ शकते, असे सांगितले. पुत्र, बंधू वा नियुक्त प्रतिनिधी यांना बोलू देणाऱ्या जुन्या परंपरेचा हा पुसट प्रतिध्वनी आहे.

दुसरीकडे नियंत्रणाच्याही तरतुदी आल्या. महाराष्ट्रात १९७१च्या अधिनियमाने, सवयीने व वाजवी कारणाविना दावे आणणाऱ्या व्यक्तीला उच्च न्यायालयाच्या आदेशाने रोखण्याची सोय केली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या नियमांत व मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१५च्या नियमांत स्वतः बाजू मांडू इच्छिणाऱ्यांच्या छाननीची व्यवस्था आहे. पुनःपुन्हा त्याच कारणासाठी खेचल्या जाणाऱ्या प्रतिवादीचाही विचार कायद्याने करावाच लागतो. याज्ञवल्क्याचा दुप्पट दंड आणि मराठेशाहीतील यजितखत यांमागेही हीच काळजी होती. पिढ्यान्पिढ्या चाललेल्या वतनाच्या भांडणांनी ती खरी असल्याचे दाखवून दिले होते.

या दोन्ही प्रकारच्या तरतुदी महत्त्वाच्या असल्या, तरी दावा फेटाळला जाण्याचा क्षण आणि पुन्हा येण्याचा क्षण यांमधील पोकळी त्या भरून काढत नाहीत. न्यायालयाने दिलेला आदेश कोणत्या अवस्थेतला आहे, पुढे कोणता मार्ग खुला आहे आणि तो किती दिवस खुला राहील, हे पक्षकाराला सांगण्याचे सर्वसाधारण बंधन संहितेत नाही. पहिल्या सुनावणीच्या वेळी न्यायालयाने पक्षकारांना विचारून वादाचे मुद्दे स्पष्ट करून घ्यावेत, असे दहावा आदेश सांगतो. तकरीर लिहून घेणाऱ्या सभेची आठवण करून देणारी ही तरतूद आहे. तिचा उपयोग मनःपूर्वक झाला, तर अनेक दावे स्वरूपाच्या दोषाने कोसळण्यापूर्वीच सावरता येतील. महाराष्ट्रात १९९८च्या अधिसूचनेने कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरलेली आहे. त्यामुळे आदेशाच्या अखेरीस सोप्या मराठीत दोन ओळी लिहिणे ही असाध्य अपेक्षा नव्हे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ऐकून झालेला निर्णय अंतिम असावा आणि न ऐकता कोसळलेला वाद पुन्हा उभा राहू शकावा, हा भेद स्मृतिकारांपासून १९६१च्या दर्याव निर्णयापर्यंत सातत्याने मान्य झालेला आहे. दुसरी, मराठेशाहीत परतीची वाट अति मोकळी असल्याने निकालांना स्थैर्य आले नाही. संहितेने ते स्थैर्य आणले, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही. तिसरी, हे स्थैर्य आणताना वादाला स्वरूप देण्याची जबाबदारी न्यायसभेकडून पक्षकाराकडे गेली आणि त्या बदलाचा संपूर्ण भार वकील न परवडणाऱ्या माणसावर पडला.

त्याच्यापुढील दार बंद नाही. सातव्या, नवव्या व तेविसाव्या आदेशांत आणि मुदत कायद्याच्या १४व्या कलमात ते उघडे आहे. पण कोणते दार कोणत्या प्रसंगी व किती दिवस उघडे असते, हे त्याला कोणी सांगत नाही. बोलण्यात चुकलेल्या माणसाला दंड करावा, परंतु त्याचा हक्क हिरावू नये, हा नारदाचा निकष आजच्या न्यायालयांनाही लावता येतो. त्या निकषावर उतरण्यासाठी नव्या संहितेची गरज नाही. दावा फेटाळताना तो कोणत्या अर्थाने फेटाळला, हे समोर उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या भाषेत सांगितले, तरी बरेच साधेल.